माडबनच्या सड्याखाली



राजापूर तालुक्यात, माडबनच्या सड्यावर जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प व्हायचा आहे. मूळ आराखड्यानुसार प्रत्येकी 1,650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, मिळून 9,900 मेगावॉट. त्यावरून जमिनीचा वाद झाला, मासेमारीचा झाला, खर्चाचा झाला. एप्रिल 2011 मध्ये नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा जीवही गेला. अणुवीज हवी की नको, हा विषय आज मी घेत नाही. मी भूविज्ञानाचा माणूस आहे. एखादी जागा अणुभट्टीला योग्य की अयोग्य हे कशावरून ठरवायचं, एवढंच बोलणार आहे.

या प्रकल्पाबद्दल एक वाक्य वारंवार कानावर येतं: ‘इथे कधी मोठा भूकंप झालेला नाही.’ हे वाक्य खोटं नाही. पण असंच वाक्य लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीबद्दलही म्हणता येत होतं. त्या वेळच्या भूकंपनकाशात तो भाग पहिल्या विभागात, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याच्या विभागात होता. 1992 च्या ऑक्टोबरपासून तिथे लहान धक्के बसत होते. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणपती विसर्जन करून गावं झोपलेली असताना पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली आणि आठ-दहा हजार माणसं गेली. गावाजवळच्या शेतात जमीन फाटून एक बाजू वर उचलली गेली होती. त्यानंतर नकाशा बदलला. 2002 च्या नकाशात पहिला विभाग राहिलाच नाही. किल्लारी तिसऱ्या विभागात गेली, आणि जैतापूरही त्या नकाशात तिसऱ्याच विभागात होतं.

हा नकाशा मुख्यत्वे घरं, शाळा, पूल यांच्यासाठी असतो. अणुभट्टीला तो पुरत नाही. आपल्याकडच्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या निकषांनुसार जागेभोवती 300 किलोमीटरपर्यंतच्या भूकंपांचा अभ्यास करावा लागतो आणि पाच किलोमीटरच्या आत सक्रिय होऊ शकेल असा भ्रंश, म्हणजे खडकातली सरकणारी भेग, असता कामा नये. भट्टीचं बांधकाम दहा हजार वर्षांत एखाद्या वेळी येईल अशा हादऱ्याला धरून करावं लागतं. निकष चांगले आहेत. अडचण पुढे आहे. दहा हजार वर्षांचा अंदाज बांधायला आपल्या हातात काय आहे? कोकणातल्या लेखी नोंदी फार तर चार-पाचशे वर्षांच्या, त्याही तुटक. मुंबईचा 1618 चा ‘भूकंप’ कितीतरी याद्यांमध्ये छापला गेला. मूळ वर्णनं तपासल्यावर ते बहुधा चक्रीवादळ होतं, असं अभ्यासक आता मानतात. अशा नोंदवहीवर विसंबून ‘कधी झाला नाही’ म्हणणं मला धोक्याचं वाटतं.

रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर या दोन भूशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात हेच मांडलं. लातूर आणि कोयना ज्या दाबाखाली फुटले, त्याच दाबाखाली जैतापूरचीही जमीन आहे, तेव्हा सहा रिश्टरच्या आसपासचा भूकंप अगदी प्रकल्पाखालीही होऊ शकतो. शक्यता कमी, पण नाकारता येणार नाही. इतर शास्त्रज्ञांनी त्याला उत्तर दिलं की इथे सक्रिय भ्रंशाचा पुरावा नाही. विज्ञानात असे मतभेद हवेतच. पण ते मिटतात खणून, पत्रकं काढून नव्हे.

आणि कोकणात खणणं सोपं नाही. सड्यावर जांभ्याची टोपी आहे, तिच्याखाली बेसाल्ट. कोयनेला, म्हणजे जैतापूरपासून शंभरेक किलोमीटरवर, संशोधनासाठी भोक पाडलं तेव्हा नऊशे मीटरहून जास्त बेसाल्ट ओलांडल्यावर खालचा ग्रॅनाइट लागला. कोयनेचा 1967 चा भूकंप त्या खालच्या खडकात उगम पावला. वरून उपग्रहाच्या चित्रात काही दिसत नाही म्हणून खाली काही नाही, असं होत नाही. मग शोधायचं कुठे? चिरेखाणीच्या ताज्या कापलेल्या भिंतीत, पऱ्याच्या काठाला, खाडीच्या गाळात. भ्रंश असला तर खडकाची एक फट घासून गुळगुळीत झालेली असते. तिच्यावर बोट फिरवलं की एका दिशेने ओरखडे लागतात, आणि फटीत चिकट, भरडलेली माती भरलेली असते. ती माती किती जुनी हे प्रयोगशाळेत काढता येतं. काम कंटाळवाणं आहे, खर्चिक आहे, पण होण्यासारखं आहे.

पाण्याचंही असंच आहे. जपानच्या सेंदाई मैदानात भातशेतीखाली वाळूचा एक थर आहे. 1990 च्या सुमारास अभ्यासकांनी तो तपासला. किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत समुद्राची वाळू! इसवी सन 869 मध्ये सुनामी आल्याची नोंद जुन्या बखरींत होतीच, तिचा पुरावा शेतात सापडला. त्याआधीच, ओनागावाचा अणुप्रकल्प उभा राहत असताना यानोसुके हिराई या अभियंत्याने त्याच जुन्या लाटेचा दाखला देऊन जोतं उंच ठेवण्याचा हट्ट धरला, आणि ते 14.8 मीटरवर ठेवलं गेलं. फुकुशिमात उलट झालं. तिथला किनाऱ्यावरचा कडा सुमारे 35 मीटर उंच होता. तो कापून दहा मीटरवर आणला. समुद्राचं पाणी वर खेचायला सोपं, अवजड सामान बोटीतून उतरवायला सोपं. 2009 मध्ये भूशास्त्रज्ञ युकिनोबु ओकामुरा यांनी सरकारी समितीत 869 च्या लाटेची आठवण करून दिली होती. 11 मार्च 2011 ला तेरा मीटरची लाट आली तेव्हा ओनागावाचं जोतं तरलं. फुकुशिमात पाणी चौदा-पंधरा मीटरपर्यंत चढलं आणि तळघरातले जनरेटर बुडाले.

माडबनचा सडाही समुद्रसपाटीपासून वीस-पंचवीस मीटर उंच आहे. म्हणून माझा पहिला प्रश्न हा की तो किती कापणार, आणि का? 1945 मध्ये मकरानच्या किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला, तेव्हा लाट मुंबईपर्यंत पोचून माणसं बुडाली. आणि लाटच कशाला? जून 1994 मध्ये गुजरातेत काकरापारला नुसत्या पावसाने आणि तुंबलेल्या तलावाने टर्बाइनच्या इमारतीत पाणी शिरलं होतं. कोकणातला पाऊस आपण सगळे जाणतो.

जागा एकदा ठरली, पैसा ओतला, की माघार कोण घेतो, असं लोक निराशेने विचारतात. घेतात. कॅलिफोर्नियात बोदेगा बे इथे सान अँड्रियास भ्रंशपट्ट्याला लागून अणुवीजकेंद्र बांधायला घेतलं होतं. भट्टीसाठी विहिरीसारखा खोल खड्डा खणला, आणि त्या खड्ड्याच्या तळातूनच भ्रंश गेलेला सरकारी भूशास्त्रज्ञांना दिसला. 1964 मध्ये कंपनीने प्रकल्प सोडला. जपानात सुझू इथला प्रस्ताव गावकऱ्यांच्या दीर्घ विरोधानंतर 2003 मध्ये गुंडाळला गेला. 1 जानेवारी 2024 ला नोतो द्वीपकल्पात 7.6 चा भूकंप झाला. सुझूच्या आसपासचे रस्ते दरडींनी बंद पडले, किनारा काही ठिकाणी मीटर-दोन मीटर, काही ठिकाणी त्याहूनही जास्त वर उचलला गेला. तिथे प्रकल्प झाला असता, तर भट्टीला थंड करणारं पाणी जिथून घ्यायचं तो समुद्रच मागे सरला असता, आणि माणसांना बाहेर काढायला वाट राहिली नसती. भर पावसात आंबा घाटात दरड कोसळते तेव्हा काय होतं, हे राजापूरकरांना सांगायला नको.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सड्यावर आजवर जेवढी भोकं पाडली, जेवढे चर खणले, त्यांच्या नोंदी जशाच्या तशा खुल्या करा. प्रकल्पाशी ज्यांचा पैशाचा संबंध नाही अशा भूशास्त्रज्ञांना स्वतः खणू द्या, खाडीच्या गाळातली वाळू तपासू द्या. पायाचा खड्डा खणायची वेळ आली, तर काँक्रीट पडण्याआधी त्याच्या तळाचा आणि चारी भिंतींचा नकाशा काढा, आणि तो माडबन, नाटे, मिठगवाण्याच्या ग्रामपंचायतींत मराठीतून लावा. एकदा काँक्रीट पडलं की तो खडक पुन्हा कुणाला दिसणार नाही. तो नकाशा गावकऱ्यांना समजावून सांगायला माणूस लागेल. माझ्यासारखे बरेच जण त्यासाठी यायला तयार आहेत.