लघुपट आणि इंग्रजीचे अध्यापन

(शिक्षक व पालक यांच्या मेळाव्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामीण भागातील विद्यार्थी इतर विषयांत चांगला असूनही इंग्रजीत मागे राहतो आणि पुढे महाविद्यालयात किंवा नोकरीच्या मुलाखतीत तीच उणीव त्याच्या वाटेत आडवी येते, ही गोष्ट पालकांच्या आणि शिक्षकांच्या परिचयाची आहे. या उणिवेचे कारण मुलाच्या बुद्धीत शोधणे अन्यायाचे होईल. बेळगाव परिसरातील मराठी मूल घरी मराठी बोलते, बाजारात आणि कचेरीत कन्नड ऐकते, दूरचित्रवाणीवरची हिंदी समजून घेते. बडोद्याचे मूल गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरचे हिंदी, हैदराबादचे तेलुगू व दखनी आणि गोव्याचे कोकणी अशा भाषा, कोणी व्याकरण शिकवले नसतानाही आत्मसात करते. तीन भाषा सहज पेलणारे हे मूल चौथ्या भाषेपाशीच का अडते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर त्या तीन भाषा मुलाने कशा मिळवल्या यातच आहे. भाजीवालीची कन्नड त्याने ऐकली तेव्हा भाजी समोर होती, तराजू समोर होता, आणि घासाघीस कशासाठी चालली आहे हे त्याला कळत होते. शब्द कळण्यापूर्वी प्रसंग कळला. इंग्रजी मात्र त्याला फळ्यावर भेटते. तेथे शब्द असतो, त्याचा मराठी अर्थ असतो, स्पेलिंग असते. पण प्रसंग नसतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवण्यास आरंभ झाला. परंतु भाषा किती लवकर सुरू केली याइतकेच ती कोणत्या प्रसंगातून दिली यालाही महत्त्व आहे. वर्गात नसलेला प्रसंग वर्गात आणण्याचे एक सुलभ साधन म्हणजे लघुपट होय.

एक जुनी परंपरा

चित्रपट हे शिक्षणाचे साधन आहे ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला. त्याआधी, १९१२ साली, त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे दररोज थोडे थोडे चित्रण करून रोपाच्या वाढीचा एक छोटासा पट तयार केला होता. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी हा त्यामागचा हेतू होता. तरीही मातीतून अंकुर वर येण्याची क्रिया डोळ्यांदेखत घडवून दाखवणारा तो पट म्हणजे एक उत्तम पाठच होता.

पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचवण्यात आले. आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि मध्य प्रदेश ही राज्ये त्यांत होती. मुलांसाठीच्या कार्यक्रमांची निर्मिती करण्यात विजया मुळे यांचा मोठा वाटा होता. त्यांनीच १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी दिग्दर्शित केलेला ‘एक अनेक और एकता’ हा सात मिनिटांचा सचेतपट आजही अनेकांच्या स्मरणात आहे. पारध्याच्या जाळ्यात सापडलेले पक्षी एकजुटीने जाळ्यासह उडून जातात, ही त्यातील कथा मुलांना घरीच ऐकून माहीत असते.

नेमका याच माहितीचा इंग्रजीच्या शिक्षकाला उपयोग होतो. हा पट आवाज बंद करून दाखवला, तर कथा कोणती हे मुलांना विचारावे लागत नाही. कथा ओळखीची असल्याने मुलाचे सारे लक्ष एकाच गोष्टीवर राहते: हे इंग्रजीत कसे सांगायचे? बर्ड, नेट, हंटर, फ्लाय, टुगेदर एवढ्या पाच-सहा शब्दांवर चौथी-पाचवीचा वर्ग ती कथा उभी करू शकतो.

संवाद नसलेला पट आणि भाषेचा पाठ

इंग्रजी शिकवण्यासाठी इंग्रजी संवादांचाच पट हवा, असा समज सर्वत्र दिसतो. आरंभीच्या टप्प्यावर तो बरोबर नाही. पडद्यावरची माणसे भराभर इंग्रजी बोलू लागली की खेड्यातील मूल पुन्हा मुका श्रोता होते. पडद्यावर कोणी बोलत नसेल, तर बोलण्याची जागा मुलासाठी मोकळी राहते.

सत्यजित राय यांचा ‘टू’ हा १९६४ सालचा लघुपट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अमेरिकन दूरचित्रवाणीवरील एका मालिकेसाठी तो तयार झाला. तो इंग्रजीत असावा अशी अपेक्षा होती. राय यांनी मात्र त्यातून संवादच वगळले. कथा लहान आहे. मोठ्या घरात एक श्रीमंत मुलगा खेळण्यांच्या ढिगात एकटा आहे. खिडकीखाली झोपडीतला मुलगा बासरी वाजवतो. वरचा मुलगा कर्णा वाजवून त्याला गप्प करतो. खालचा ढोलके आणतो, तर वरचा ढोल वाजवणारे चावीचे माकड दाखवतो. एकाजवळ जे आहे त्याहून मोठे दुसरा दाखवतो. शेवटी खालचा मुलगा पतंग उडवतो आणि वरचा मुलगा बंदुकीने तो पतंग फाडतो. झोपडीतला मुलगा पुन्हा बासरी हाती घेतो आणि तिचे सूर वरच्या खोलीपर्यंत पोहोचत राहतात.

या एका पटावर चार तासिकांचा पाठ आखता येतो. पहिल्या तासाला पट सलग दाखवावा. मध्ये थांबवू नये, प्रश्न विचारू नयेत. नंतर मुलांना मराठीतून मनसोक्त बोलू द्यावे, कारण मातृभाषेत जे समजले नाही ते परक्या भाषेत सांगता येणार नाही. दुसऱ्या तासाला पट पाच-सहा ठिकाणी थांबवावा आणि ‘व्हॉट इज ही डुइंग?’ एवढाच प्रश्न विचारावा. उत्तरातील आवश्यक शब्द फळ्यावर लिहावेत. वीसहून अधिक शब्द नसावेत. तिसऱ्या तासाला विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात. एकाने पडद्याकडे पाठ करून बसावे, दुसऱ्याने पाहिलेले इंग्रजीत सांगावे. चौथ्या तासाला प्रत्येकाने पाच वाक्यांत कथा लिहावी.

मूल प्रथम तुटकच बोलेल. ‘बॉय काइट ब्रेक’ असे कोणी म्हणाले, तर ते चूक म्हणून खोडू नये. ‘येस, द बॉय ब्रोक द काइट’ असे म्हणून शिक्षकाने तेच वाक्य पूर्ण करून परत द्यावे. मुलाचा अर्थ मान्य होतो आणि रूपही सुधारते. चुकांची टिपणी वहीत ठेवून त्यांचा विचार दुसऱ्या दिवशी करावा.

व्याकरण कोठून येते

पट दाखवण्यात व्याकरण मागे पडेल ही शंका रास्त आहे. अनुभव मात्र निराळा आहे. इंग्रजीतील ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांना मराठीत तंतोतंत प्रतिशब्द नाही, म्हणून नियम कितीही पाठ केले तरी मुले ती चुकवतात. पटात पतंग प्रथम दिसतो तेव्हा तो ‘अ काइट’ असतो. ओळखीचा झाल्यावर तोच ‘द काइट’ होतो. हा फरक डोळ्यांनी पाहिलेले मूल तो सहसा विसरत नाही.

सर्वनामांचेही तसेच आहे. मराठीत ‘ही’ म्हणजे स्त्री आणि इंग्रजीत ‘ही’ म्हणजे पुरुष. त्यामुळे मराठी मुलांचा आरंभी गोंधळ उडतो. शिवाय मराठीत पतंग पुल्लिंगी, बासरी स्त्रीलिंगी आणि खेळणे नपुंसकलिंगी. इंग्रजीत ही तिन्ही ‘इट’च. पडद्यावर बोट ठेवून मुलासाठी ‘ही’ आणि पतंगासाठी ‘इट’ असे दहा वेळा म्हणता येते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते. घडणारी क्रिया पाहत बोलताना हा क्रमही जिभेवर बसतो.

या पद्धतीला अभ्यासाचा आधार आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील काही सामान्य शाळांत एक प्रकल्प चालवला. मुलाचे लक्ष शब्दरूपांवर खिळवण्याऐवजी एखादे काम पार पाडण्यावर असेल, तर भाषा अधिक चांगली येते, हे त्याचे सूत्र होते. एकाजवळ असलेली माहिती दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे हा त्यातील कामांचा एक प्रमुख प्रकार होय.

संवाद असलेले पट

वर्ग थोडा धीट झाल्यावर इंग्रजी संवादांचे पट घ्यावेत. दोन-तीन मिनिटांचा एकच प्रसंग निवडावा. तो प्रथम आवाजाविना दाखवून पात्रे काय बोलत असतील याचा अंदाज करायला सांगावे, मग आवाजासह दाखवावा, आणि शेवटी आवाज ऐकत मुलांनी स्वतः ते संवाद म्हणावेत. पडद्यावर मराठी भाषांतराच्या ओळी असतील, तर मूल त्याच वाचील आणि इंग्रजी कानाआड करील; म्हणून बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीच्याच ओळी खाली असाव्यात. ऐकलेली भाषाच पडद्यावर लिहून दाखवण्याची कल्पना अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेत ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून साक्षरतेच्या कामी पुढे नेली. त्यांनी ती चित्रपटगीतांना लावली. इंग्रजीच्या तासालाही तिचा तितकाच उपयोग आहे.

सावधगिरी

प्रत्येक पट शिक्षकाने आधी स्वतः संपूर्ण पाहिलाच पाहिजे. नॉर्मन मॅक्लॅरेन यांचा ‘नेबर्स’ हा १९५२ सालचा आठ मिनिटांचा पट फार नावाजलेला आहे. एका फुलावरून दोन शेजारी भांडतात, हा त्याचा विषय आणि त्यात संवादही नाहीत. पण भांडण हिंसेपर्यंत जाते आणि त्यातील काही दृश्ये लहान मुलांना पाहवणार नाहीत. नाव ऐकून पट लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

दुसरी सावधगिरी मुलाच्या मनाची. ‘टू’सारख्या पटात गरिबी आणि श्रीमंती समोरासमोर उभी असते. वर्गात झोपडीतून येणारे मूलही बसलेले असते. ‘तू यांपैकी कोणासारखा?’ हा प्रश्न कधीही विचारू नये. ‘कोणाचे वागणे बरोबर, आणि का?’ असे विचारावे. त्याच्या उत्तरातून भाषाही येते आणि कोणाचा अपमानही होत नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामकाजात केवळ विद्यार्थी, शिक्षक व कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती यांच्यापुढे पट दाखवण्यास सवलत आहे. जत्रेत किंवा चौकात सर्वांसाठी खेळ लावणे ही निराळी बाब आहे, हे मुख्याध्यापकांनी ध्यानात ठेवावे.

साधनांचा प्रश्न

एके काळी १६ मिलिमीटरचा प्रक्षेपक, ४०० फुटांचे रीळ आणि अंधारी खोली एवढे जमवले की सुमारे अकरा मिनिटांचा पट दाखवता येई. आज शिक्षकाच्या खिशातील दूरध्वनीवर तोच पट मावतो. पण चाळीस मुलांना त्याचा पडदा पुरत नाही. या अडचणीतूनच एक चांगला पाठ निघतो. आठ मुलांनी पट पाहावा. प्रत्येकाने चार-चार मुलांच्या गटात जाऊन पाहिलेले इंग्रजीत सांगावे. ऐकणाऱ्यांनी त्याची चित्रे काढावीत. मग पाळीपाळीने सर्वांनी पट पाहून आपले चित्र ताडून घ्यावे. ज्याने पाहिले नाही त्याला जाणून घ्यायचे असते, ज्याने पाहिले त्याला सांगायचे असते. भाषेची गरज याहून खरी कोणती असणार?

ग्रामस्थांनी वर्गखोलीच्या खिडक्यांना जाड पडदे, एक वीजजोडणी आणि एक चांगला ध्वनिवर्धक एवढे दिले तरी पुष्कळ होईल. अधिकाऱ्यांनी केंद्रस्तरावरील बैठकीत वीस-पंचवीस निवडक पटांची यादी करावी आणि प्रत्येकासोबत शब्दसूची व प्रश्नांचे एक पान तयार ठेवावे. स्वतःच्या इंग्रजीविषयी साशंक असलेल्या शिक्षकाला अशा एका पानाचा मोठा आधार वाटतो. हैदराबाद येथे १९५८ साली स्थापन झालेली केंद्रीय इंग्रजी संस्था आज इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ म्हणून कार्यरत आहे. अशा संस्थांशी संपर्क ठेवल्यास हे काम अधिक सोपे होईल.

लघुपट शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. पट लावून शिक्षक बाहेर गेला, तर मागे उरते ती करमणूक. पट कोठे थांबवायचा, कोणाला बोलते करायचे आणि मागच्या बाकावरील मुलीच्या ओठांवर आलेले अर्धे वाक्य केव्हा पूर्ण करून द्यायचे, हे यंत्राला ठाऊक नसते. मात्र हे जाणणाऱ्या शिक्षकाच्या हाती दहा मिनिटांचा पट आला, तर इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणारे मूल मान वर करून पडद्याकडे पाहू लागते. पाहिलेले सांगण्याची त्याला घाई होते. ती घाई इंग्रजीत व्यक्त करण्याची संधी त्याला मिळवून देणे, हे शाळेचे, गावाचे आणि शासनाचे समान कर्तव्य आहे.