जवळा काय खातो?

आपल्या खान्देशाला समुद्र नाही. आपली तापी सुरतेच्या पुढे जाऊन समुद्राला मिळते, तेवढीच काय ती सोयरीक. पण सुकट-बोंबिलाचं दुकान लागत नाही असा आठवडे बाजार आपल्याकडे शोधावा लागेल. कळण्याची भाकरी, सुकटीची चटणी, वर कांदा, की जेवण झालं. मटण परवडत नाही त्या घरात पोरांच्या ताटात तेवढंच काय ते मासमच्छी पडतं. आज मी त्या सुकटीतल्या जवळ्याविषयी, खरं म्हणजे जवळा जे खातो त्याविषयी बोलणार आहे.

जवळा ही अगदी लहान कोळंबी. ती जगते समुद्रात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर. या जीवांना प्लवक म्हणतात, इंग्रजीत प्लँक्टन. त्यांना स्वतःच्या बळावर प्रवाहाविरुद्ध पोहता येत नाही. पाणी नेईल तिकडे जायचं. त्यातले बरेचसे नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. काही प्लवक वनस्पतींसारखे उन्हावर आपलं अन्न करतात. पृथ्वीवर झाडं, पिकं, गवत, शेवाळ मिळून जेवढं अन्न तयार होतं, त्यातलं जवळपास निम्मं या न दिसणाऱ्यांचं. काही प्लवक प्राणी आहेत, ते या वनस्पतींना खातात. जवळ्याला बोंबील खातो. तारली आणि बांगडा तर थेट प्लवकांवरच जगतात. कालवं आणि तिसऱ्यांची पिल्लंही जन्मानंतरचे काही दिवस प्लवकांतच तरंगत असतात, मग तळाला बसतात. सगळ्या दर्याची चूल ही इथे पेटते.

आता एक करून बघा. अंड्याचं टरफल वाटीत घ्या आणि वर लिंबू पिळा. बुडबुडे येतात, टरफल झिजायला लागतं. टरफल चुन्याच्या जातीचं, आणि आंबट लागलं की चुना विरघळतो. फरशीवर लिंबाचा डाग का पडतो, तेही यातच आलं.

कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळलं की कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. गाडीवरच्या सोड्यात दाबून भरतात तोच हा वायू. पाण्यात मिसळला की सौम्य आम्ल तयार होतं. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू 280 भाग होता, आता तो 420 च्या वर आहे. तेवढ्या काळात समुद्राच्या वरच्या थराचा पीएच सुमारे 8.2 वरून 8.1 वर आला. एका दशांशाने काय होतं, असं वाटेल. पण पीएचचं माप दहापटीचं असतं. हा एक दशांश म्हणजे आम्लता सव्वापटीहून जास्त.

इथे एक गैरसमज काढून टाकते. समुद्र लिंबासारखा आंबट झालेला नाही आणि होणारही नाही. सातच्या वर पीएच असलेलं पाणी आम्ल नव्हेच. अडचण वेगळी आहे. कवच बांधायला जे कार्बोनेट लागतं, ते या वाढलेल्या आम्लाशी बांधलं जातं आणि पाण्यात कमी पडतं. गवंडी आहे, पाया आहे, पण विटा अर्ध्याच आल्या, अशी गत. मग कवच पातळ होतं, किंवा ते बांधण्यातच जीवाची सगळी ताकद जाते. टेरोपॉड नावाची एक इवलीशी गोगलगाय आहे, पंखांनी पोहते म्हणून तिला समुद्री फुलपाखरू म्हणतात. अंटार्क्टिकाच्या बाजूच्या समुद्रात आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तिची कवचं जिवंतपणीच झिजलेली शास्त्रज्ञांना सापडली आहेत.

बरं, सगळेच प्लवक मरतात का? नाही. शास्त्रज्ञ समुद्रात मोठमोठ्या पिशव्या सोडतात, आतल्या पाण्यात हा वायू वाढवतात आणि आठवडेच्या आठवडे बघत बसतात. अशा कितीतरी प्रयोगांत सगळ्यात बारीक वनस्पती-प्लवकांचं फावलं, कारण त्यांना वायू जास्त मिळाला. चुन्याचं कवच करणारे मागे पडले. म्हणजे शेत हिरवंच दिसतं, पण ज्वारीच्या जागी तण माजलेलं असतं. आणि पीक एवढं बारीक झालं, की ते थेट मोठ्याच्या तोंडी लागत नाही. मध्ये आणखी एक-दोन खाणारे येतात आणि प्रत्येक पायरीला अन्न घटतं.

आपल्या बाजारात जवळा महागला तो यामुळेच, असं मात्र मी म्हणणार नाही. बेसुमार मासेमारी, बारीक आसाची जाळी, तापलेलं पाणी, खाडीत सोडलेली घाण, ही कारणं आज जास्त जवळची आहेत. आम्लता त्यांच्यावर हळूहळू चढणारं ओझं आहे.

आता म्हणाल, खान्देशाचा याच्याशी काय संबंध? तर संबंध फार जुना आहे. धुळे-नंदुरबार भागात काळ्या दगडाच्या सरळ भिंतींसारख्या लांबच लांब रांगा दिसतात. भूशास्त्रात त्यांना डाईक म्हणतात. साक्रीहून धुळ्यावरून पारोळ्याकडे जाणारी एक रांग सुमारे 79 किलोमीटर लांब आहे. जमिनीला पडलेल्या भेगांत लाव्हा थिजला, त्या या भिंती. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या त्या उद्रेकांनी महाराष्ट्राचा काळा दगड घडवला. लाव्हा वाहत वाहत पार आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत गेला. लाव्ह्याबरोबर अफाट कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडला.

राजमहेंद्रीला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये समुद्राचा गाळ अडकलेला आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गेर्टा केलर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी त्यातली फोरामिनिफेरा नावाच्या प्लवकांची कवचं तपासली. चुन्याची कवचं, वाळूच्या कणाएवढी. त्याच सुमारास या प्लवकांच्या बहुतेक जाती जगभर नाहीशा झाल्या होत्या, डायनासोरही गेले. गाळात सापडले ते उरलेसुरले, अगदी लहान आणि मोजक्याच जातींचे. आत्ता पिशव्यांच्या प्रयोगाचं सांगितलं ना, तिथेही बारीकच पुढे आले होते.

हा संहार आपल्या लाव्ह्याने केला की मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीने, यावर वाद आहे. केलरबाई लाव्ह्याच्या बाजूने. 2019 साली नेदरलँड्समधल्या एका गुहेतल्या कवचांवरून दुसरं चित्र पुढे आलं. अशनी आदळण्याआधी समुद्राच्या आम्लतेत मोठा बदल दिसला नाही. आदळल्यावर मात्र पीएच एकदम सुमारे पाव अंकाने घसरला. मला हे पटतं. लाव्हा लाखो वर्षं थांबून थांबून वाहत होता, समुद्राला सावरायला वेळ मिळाला. तळाला साचलेला चुना विरघळतो आणि आम्लता मोडतो, पण त्याला हजारो वर्षं लागतात.

आपण तो एक दशांश जेमतेम दोन-अडीचशे वर्षांत उतरवला आहे. भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्रात रोज कोळसा जळतो, त्याचा वायूही या हिशेबात आहेच. साक्री तालुक्यात, जिथून ती काळी रांग सुरू होते, तिथेच आज शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आणि ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या आहेत. ही वीज आणि दीपनगरची वीज एकाच तारेतून येते. आपल्या घरातल्या दिव्याला फरक कळत नाही. जवळ्याच्या घासाला कळतो.