आधी वाडीवर वाचून दाखवा



सूत्रसंचालकांनी मघाशी मला बालशिक्षणावर दोन गोड शब्द बोलायला सांगितलं. गोड बोलायला संक्रांत आहे. इथे जमलेत ते लहान मुलांसाठी पाठ, गोष्टी, कार्डं लिहिणारे शिक्षक आणि अंगणवाडीताई, म्हणून मी भांडणार आहे.

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या या म्हशात यात्रा भरते, बैलबाजार भरतो. त्या दिवसांत वर्ग ओस पडतात आणि आपण हजेरीपटावर गैरहजेरी मांडून मोकळे होतो. पोर गेलेलं असतं कुठे? बाजारात. तिथे रुमालाखाली बोटं धरून हजारांचे सौदे होतात. बापाच्या कमरेशी उभं राहून ते सगळं टिपणारं पोर शाळेत परततं, तेव्हा आपण त्याला विचारतो, पाच सफरचंदं आणि तीन सफरचंदं मिळून किती? मुरबाड-शहापुरात सफरचंदाची एक बाग दाखवा, मी आत्ता या खुर्चीवरून उठतो.

साधनं नाहीत ही सबब मला सांगू नका. 1945 साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बिया, शिंपले, पानं, माती, एवढंच भांडवल. आज देशभर जिचं नाव सरकारी पाटीवर आहे ती अंगणवाडी तिथली. तेव्हा तो सगळा मुलूख आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. 2014 मध्ये पालघर वेगळा झाला, म्हणून हा वारसा काही आपल्या सातबाऱ्यावरून उतरला नाही.

आणि वारसदार काय करतात? ग्रुपवर आलेल्या वर्कशीटच्या झेरॉक्स काढतात!

कातकरी वाडीचं बघा. दिवाळी झाली की उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. आपली पुस्तिका मात्र जूनला सुरू होऊन एप्रिलला संपते, आणि बारावा पाठ अकराव्याशिवाय कळत नाही. नोव्हेंबरात गेलेल्या मुलीने परतल्यावर ती कुठून उघडायची? तिच्यासाठी कुठूनही धरता येईल असा, एका बैठकीत पुरा होणारा पाठ लागतो. तो लिहिणं अवघड आहे, म्हणूनच लेखक लागतो. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे ठरते. चार हजार पडल्या, उचलीतले किती फिटले, हा हिशेब ती मुलगी रोज कानांनी ऐकते. पहिलीच्या बाईंनी तिला वीसपर्यंतच्या अंकांवर अडकवून ठेवलंय.

शिक्षणहक्क कायद्याच्या 29व्या कलमात शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असं लिहिलं आहे. ‘शक्य तिथवर’ या फटीतून ठाकरी आणि कातकरी दोन्ही बोली बाहेर पडल्या. त्या आत घ्यायला मंत्रालयात जावं लागत नाही. वाडीवरच्या आजीला गोष्ट सांगायला लावा, ती सांगेल तशी उतरवा. आणि कृपा करून रंगीत चित्रावर करडी अक्षरं छापू नका. अधू नजरेचं मूल ते पान नाकाला लावून बघतं आणि मिटून ठेवतं. जाड काळी अक्षरं, कोरा कागद, ओळींत मोकळी जागा, याला जादा पैसे पडत नाहीत.

याच तालुक्यात फांगणे गावात 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर गुरुजींनी साठीपुढच्या बायकांच्या हातात पाटी दिली. गुलाबी साड्यांचे फोटो जगभर गेले. त्या आजीला वाचावंसं वाटेल असं पुस्तक इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी लिहिलं? हात वर करा. राहू द्या.

आता शहरातल्या साहित्यिक बंधूंकडे वळतो. पहिलीच्या मुलासाठी लिहिणाऱ्याला ते लेखक समजत नाहीत. माझं त्यांना उघड आव्हान आहे: एकही जोडाक्षर न वापरता, चाळीस शब्दांत, सहा वर्षांचं पोर ‘पुढं काय?’ म्हणून विचारेल अशी गोष्ट लिहून दाखवा. तीनशे पानी कादंबरीला लपायला जागा असते, इथे नसते. सरकारी पुस्तिकांचंही तेच. पहिल्या पानावर साहेबांचा फोटो, आणि रात्री जागून जिने पाठ लिहिले त्या बाईंचं नाव मागच्या पानावर ‘विशेष सहकार्य’मध्ये, तेही चुकीच्या आडनावासकट. तुम्ही हे चालवून घेता म्हणून चालतं.

तेव्हा अध्यक्ष म्हणून माझ्या दोन मागण्या ठरावात घ्या. लिहिणाऱ्याच्या नावाशिवाय एकही पुस्तिका आपण छापायला देणार नाही. आणि छापखान्यात जाण्याआधी प्रत्येक पाठ वाडीवरच्या मुलांपुढे वाचला जाईल. मुलं उठून गेली तर तो पुन्हा लिहायचा. ज्यांना हे मंजूर नाही त्यांनी आत्ता याच मंडपात बोलावं, मागाहून चहाच्या टपरीवर नको.