नवी लक्झरी एसयूव्ही येणार म्हणून थांबताय? मग आधी तारीख ठरवा

आजचा विषय बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितला होता. प्रश्न साधारण एकच: "नवीन मॉडेल येणार आहे म्हणतात, थांबू की आता आहे ती घेऊ?" तर आज त्यावरच बोलू. आणि हवेत नको, एक खरी तुलना हातात घेऊनच बोलू.

सप्टेंबर 2025 मध्ये जर्मनीत म्युनिकला दोन दिवसांच्या अंतराने दोन गाड्यांवरचा पडदा उघडला. आधी बीएमडब्ल्यूची नवी आयएक्स3, मग मर्सिडीजची इलेक्ट्रिक जीएलसी. त्या आठवड्यात तुमच्या फोनवर याच दोन गाड्यांचे व्हिडिओ आले असतील. माझ्या फोनवर तर दुसरं काही येतच नव्हतं. कारण असं की आमच्या घरी गाडी घ्यायचीच आहे. आधीची डिझेल 11 वर्षांची झाली. मी आणि ताई मिळून घेणार. पैसे दोघांचे, चालवणार दोघं, आणि मागे बसणार आई-बाबा. बाबांचे दोन्ही गुडघे आता कुरकुरतात. पुण्याहून रत्नागिरीजवळच्या गावी जायचं म्हणजे 300 च्या आसपास किलोमीटर आणि मध्ये घाट. आधी बाबा स्वतः चालवत न्यायचे. आता दोन वेळा थांबून, उतरून, पाय मोकळे करून जातात. त्यामुळे ही गाडी आमच्यासाठी मिरवायची वस्तू कमी आणि बाबांचं गाव चालू ठेवायची सोय जास्त आहे.

ताईचं म्हणणं, "आज शोरूममध्ये आहे ती डिझेल घेऊ, मोकळे होऊ." माझं म्हणणं, थांबू. पण नुसतं "थांबू" म्हटलं की ताई लगेच विचारते, "किती? आणि कशासाठी?" तिचा प्रश्न अगदी बरोबर आहे. म्हणून आम्ही कागद घेऊन बसलो. तो कागदच आज तुम्हाला वाचून दाखवतो.

पहिलं पान: ब्रोशरचे आकडे

आयएक्स3 ची एका चार्जमधली रेंज 805 किलोमीटरपर्यंत, इलेक्ट्रिक जीएलसीची 713 पर्यंत. हे युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीचे आकडे. बीएमडब्ल्यूची बॅटरी 108.7 युनिटची, मर्सिडीजची 94. चार्जिंगचा कमाल वेग एकीकडे 400 किलोवॅट, दुसरीकडे 330. ताकद एकीकडे 469 हॉर्सपॉवर, दुसरीकडे 489. ऐकायला भारी वाटतं ना? आता हे आकडे आपल्या रस्त्यावर आणू.

चाचणीच्या रेंजमधून मी सरळ 25 टक्के वजा करतो. हा माझा स्वतःचा हिशोब आहे. एसी, घाट, चार माणसं, सामान, हे सगळं त्यात धरलंय. मग 805 चे होतात साधारण 600 आणि 713 चे साधारण 535. आम्हाला जायचंय 300. म्हणजे व्हिडिओत ज्या 92 किलोमीटरवरून कमेंटमध्ये एवढी हाणामारी चालू होती, त्या 92 किलोमीटरचा आमच्या प्रवासाला काडीचाही उपयोग नाही. दोन्ही गाड्या गावी पोचतात आणि शिल्लक ठेवून पोचतात.

आता चार्जिंग. 400 किलोवॅट घेऊ शकणारी गाडी 400 किलोवॅटच्या चार्जरवरच तेवढं घेते. आपल्याकडे हायवेवर 60 किलोवॅटचे चार्जर भरपूर दिसतात. त्यावर 108 युनिटची बॅटरी 10 टक्क्यांवरून 80 वर न्यायची म्हणजे 76 युनिट भरायचे. सव्वा तास तरी धरा. तीच गाडी कंपनीच्या कागदावर 21 मिनिटांत भरते. गाडी तीच, चार्जर वेगळा, एवढाच फरक. दोन्ही गाड्या 800 व्होल्टच्या आहेत, म्हणून शोरूममध्ये एक प्रश्न नक्की विचारा: "जुन्या 400 व्होल्टच्या चार्जरवर ही गाडी चार्ज होईल का, आणि किती वेगाने?" उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.

आणि घरचं काय? 7.4 किलोवॅटच्या वॉलबॉक्सवर ही मोठी बॅटरी रिकामीची पूर्ण व्हायला 15 तासांच्या आसपास लागतात. रोज कोणी रिकामी करत नाही, त्यामुळे रात्रीत भागतं. गावच्या घरी साधा 16 अँपिअरचा सॉकेट असेल तर तासाला 3 युनिट धरा. रात्रीच्या 10 तासांत 30 युनिट झाले, म्हणजे 150 किलोमीटरच्या आसपासची सोय. गणपतीत पाच दिवस राहिलात तर गाडी आरामात भरते. पण पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये पॉइंट मिळत नसेल तर हा सगळा हिशोब कोलमडतो. म्हणून मी आमच्या कागदावर गाडीच्या नावाआधी लिहिलं: "सोसायटीची परवानगी आणि वेगळा मीटर." परवानगीचा अर्ज दिलाय. गाडी कोणतीही आली तरी हे काम आधी.

दुसरं पान: पैसे

इथे जरा नीट ऐका, कारण लोकांचा गोंधळ इथेच होतो.

22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवरचा कर बदलला. आधी मोठ्या एसयूव्हीवर 28 टक्के जीएसटी आणि वर 22 टक्के सेस, असे 50 टक्के लागायचे. आता सरळ 40. लगेच सगळे म्हणाले, "10 टक्के स्वस्त झाली!" तसं नाही. 50 लाखांच्या मूळ किमतीवर 50 टक्के कर म्हणजे गाडी 75 लाखांची. 40 टक्के कर म्हणजे 70 लाखांची. वाचले 5 लाख, म्हणजे पावणेसात टक्क्यांच्याही आत. कमी नाहीत, पण 10 टक्केही नाहीत. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी 5 टक्केच आहे, आधीही तेवढाच होता.

मग येतो आरटीओ. महाराष्ट्रात 20 लाखांवरची डिझेल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर 15 टक्के, पेट्रोल असेल तर 13. म्हणजे शोरूम किंमत 70 लाख असलेल्या डिझेलवर साडेदहा लाख नुसता रस्ता कर! इलेक्ट्रिकला हा कर माफ आहे. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या ईव्हींवर 6 टक्के लावायचा प्रस्ताव आला होता, तो सरकारने मागे घेतला. पण धोरण कायमचं नसतं, त्यामुळे ज्या आठवड्यात गाडी घ्याल त्या आठवड्याचा दर बघा. शिवाय 10 लाखांवरच्या कुठल्याही गाडीला 1 टक्का टीसीएस भरावा लागतो. तो तुमच्या आयकरात वळता होतो, विवरणपत्रात दाखवायला विसरू नका.

आमची मर्यादा ऑन-रोड 85 लाख. 35 आमचे साठवलेले, 50 कर्ज. ही रेष ताईने आखली आणि ती हलणार नाही, कारण भाचीचं बारावीनंतरचं शिक्षण त्याच बँक खात्यातून होणार आहे. 50 लाखांचं कर्ज समजा 9 टक्क्यांनी 7 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण 80 हजार 450. सात वर्षांत व्याजच साडेसतरा लाखांच्या पुढे जातं. 5 वर्षांत फेडलं तर हप्ता 1 लाख 4 हजारांच्या घरात, पण व्याज सव्वाबारा लाखांवर थांबतं. हे आकडे शोरूममध्ये एसीत बसून नाही, घरी बसून बघायचे.

85 च्या रेषेत विमा वगैरे धरून डिझेल बसते ती 70 लाख शोरूम किमतीपर्यंत. आरटीओ नसल्यामुळे इलेक्ट्रिक बसते 80 पर्यंत. आता खरा प्रश्न: या नव्या गाड्या 80 लाखांत येतील का?

आयएक्स3 ची जर्मनीतली सुरुवातीची किंमत 68,900 युरो. त्यातला तिथला 19 टक्के व्हॅट काढला की उरतात 57,900. युरोचे ढोबळ 100 रुपये धरू, झाले 57 लाख 90 हजार. गाडी हंगेरीत तयार होते. ती तयार स्थितीत जहाजातून आणली तर साधारण 110 टक्के आयात शुल्क. झाले 1 कोटी 21 लाखांच्या पुढे. त्यावर 5 टक्के जीएसटी धरला की साधारण सव्वादोन लाख कमी एक कोटी तीस. हा पक्का भाव नाही, पाटीवरचा हिशोब आहे. पण त्यातून दिसतं की तयार आयात झालेली गाडी आमच्या रेषेच्या कितीतरी बाहेर आहे. मग थांबायचंच कशाला?

थांबायचं ते एकाच गोष्टीसाठी: गाडी इथे जोडली जाते का, यासाठी. बीएमडब्ल्यूचीच आयएक्स1 बघा. सप्टेंबर 2023 मध्ये आयात होऊन आली तेव्हा 66 लाख 90 हजार. जानेवारी 2025 मध्ये लांब व्हीलबेसची आयएक्स1 चेन्नईत तयार होऊन आली ती 49 लाखांना. हां, मोटर दोनाच्या जागी एक झाली आणि ताकद 313 वरून 204 हॉर्सपॉवरवर आली. तेव्हा सगळा फरक शुल्काचा नाही. पण मागची सीट ऐसपैस झाली आणि किंमत सतरा-अठरा लाखांनी उतरली. रेंज रोव्हर पुण्यात जोडली जाणार असं मे 2024 मध्ये जाहीर झालं, तेव्हाही किमती 18 ते 22 टक्क्यांनी खाली आल्या. म्हणून नव्या गाडीची बातमी वाचताना "कधी येणार?" याच्याआधी "कशी येणार, तयार की सुट्या भागांत?" हे शोधा.

तिसरं पान: मागची सीट

लाँचच्या व्हिडिओत कॅमेरा नेहमी स्टिअरिंगसमोर असतो. मर्सिडीजचा 39.1 इंची स्क्रीन, बीएमडब्ल्यूची काचेच्या तळाशी आडवी पसरलेली माहितीची पट्टी, सगळं छान आहे. पण आमच्या घरातली निम्मी माणसं मागे बसणार! इलेक्ट्रिक जीएलसीचा व्हीलबेस 2,972 मिलिमीटर, आयएक्स3 चा 2,897. फरक 75 मिलिमीटरचा, जेमतेम तीन इंच. मात्र इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी पायाखाली असते. तिथली जमीन उंच असेल तर पाय लांब करायला जागा मिळते, पण गुडघे वर येतात आणि मांडी अधांतरी राहते. बाबांसाठी तीन इंचांपेक्षा हे महत्त्वाचं.

म्हणून आम्ही आई-बाबांना घेऊन आज मिळणाऱ्या गाड्या बघून आलो. डिझेल जीएलसी चाकणची, डिझेल एक्स3 चेन्नईची. दोन्हींचं इंजिन दोन लिटरचं, 197 हॉर्सपॉवर. टॉर्क एकीचा 440, दुसरीचा 400. तिसरी व्होल्वोची एक्ससी60, ती पेट्रोल, 250 हॉर्सपॉवर आणि एअर सस्पेन्शन. प्रत्येकीत बाबांना मागे 20 मिनिटं बसवलं, तेही गाडी चालू रस्त्यावर असताना. आईने साडी नेसूनच तीनदा चढ-उतर केली. एका गाडीत उतरताना दाराखालच्या पट्टीला तिची साडी दर वेळी घासली. आईचं मत तिथेच पक्कं झालं, आणि टॉर्क तिने विचारलाही नाही. सेल्समनला आम्ही दोनच प्रश्न जास्तीचे विचारले: स्टेपनी मिळते की नुसतं पंक्चर किट, आणि या मापाचा टायर रत्नागिरीत मिळेल का? कोकणातल्या रस्त्यावर 21 इंची चाक फुटलं की हेच प्रश्न आठवतात.

मग ठरलं काय?

आम्ही तारीख ठरवली: गुढीपाडवा. तोपर्यंत दोनपैकी एक तरी गाडी इथे जोडून, 80 लाखांच्या आत जाहीर झाली आणि सोसायटीत चार्जिंगचा पॉइंट मिळाला, तर ती बघायला जायचं. आई-बाबांसकट. दोनपैकी एक जरी अट राहिली, तर आज बघितलेल्या तीनपैकी आई-बाबांनी पसंत केलेली घ्यायची आणि पुन्हा व्हिडिओ बघायचे नाहीत. ताईने ही शेवटची अट खास माझ्यासाठी घातली आहे.

तुमचं बजेट 12 लाख असो की 80, पद्धत हीच. मर्यादा ऑन-रोडमध्ये लिहा. आपला नेहमीचा रस्ता लिहा. मागे कोण बसणार ते लिहा. आणि थांबायचं असेल तर कशासाठी आणि कुठल्या तारखेपर्यंत, ते लिहा. नाहीतर या वर्षीची गाडी बघून होईपर्यंत पुढच्या वर्षीच्या गाडीचा टीझर येतो, आणि घरची म्हातारी माणसं जुन्याच गाडीत गुडघे चोळत बसतात.

तुमच्या कागदावर काय काय आहे ते मला व्हॉइस नोटने पाठवा. वेगळे प्रश्न आले तर पुढच्या भागात घेऊ. तोवर नीट चालवा, सीटबेल्ट मागच्यांनीही लावा. भेटू.