मुलांच्या हाती मोबाईल, मोबाईलमध्ये बुद्धिबळ

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.
मुरुड, जि. लातूर



अध्यक्ष साहेबांनी मला पंधरा मिनिटांचा वेळ दिला आहे. एवढ्या मोठ्या सभेत शिक्षणाच्या मोठ्या प्रश्नांवर बोलणारी मंडळी माझ्यापूर्वी बोलून गेली. मी एका लहान गोष्टीवर बोलणार आहे. मुलासाठी मोबाईलमध्ये बुद्धिबळाचे ॲप घ्यायचे असेल तर ते कोणते घ्यावे, एवढाच माझा विषय आहे. विषय लहान वाटेल. परंतु माझ्या हातून त्यात एक चूक घडली आणि तिची किंमत एका गरीब घराने मोजली. म्हणून आज आपल्यापुढे उभा आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात, शाळेत खेळाचा तास बुडत असे तेव्हा, मी वर्गात मुलांना बुद्धिबळ शिकवावयास आरंभ केला. शाळेत पट दोन आणि मुले चाळीस. तेव्हा मी सहज बोलून गेलो, “घरी मोबाईल आहे ना? त्यात कोणतेही बुद्धिबळाचे ॲप घ्या आणि सराव करा.” हा ‘कोणतेही’ शब्द मला फार महाग पडला.

सातवीतल्या एका मुलाने त्याच रात्री एक ॲप उतरवून घेतले. वर बुद्धिबळाचे चित्र होते. आत मात्र डाव खेळण्यासाठी नाणी लागत. हरले की नाणी जात. नाणी संपली की विकत घ्या, अशी पाटी येई. त्या मुलाची आई शिलाईकाम करते. रिचार्जचे काम मुलगाच करीत असल्यामुळे त्याला पैसे पाठविण्याचा पिन ठाऊक होता. चार दिवसांत चारशे सत्तेचाळीस रुपये गेले. ब्लाऊज शिवून जमविलेले ते पैसे होते.

मी घरी गेलो तेव्हा ती माउली दारातच म्हणाली, “सर, तुमीच बोले थे ना, मोबाईल में लेव करके?” मला उत्तर देता आले नाही. मुलाचे वडील गवंडीकाम करतात. त्यांनी निवाडा करून टाकला होता की हा जुगार आहे, आणि या घरात मोबाईलही नाही व बुद्धिबळही नाही. कोपऱ्यात त्या मुलाची पाचवीतली बहीण उभी होती. तिने काहीच केले नव्हते. खेळात ती भावापेक्षा सरस होती. तिचाही खेळ बंद झाला. मी पैसे देऊ केले, ते आपांनी घेतले नाहीत. त्या रात्री मी ठरविले की ज्या गोष्टीची शिफारस करतो ती आधी स्वतः वापरून पाहिली पाहिजे. पुढले तीन महिने मी तेच केले.

आता प्रथम त्या वडिलांच्या आक्षेपाबद्दल बोलतो, कारण तो अनेकांच्या मनात असेल. बुद्धिबळाविषयी आपल्या जाणत्या उलेमांत पूर्वीपासून मतभेद आहेत. कोणी मनाई केली, कोणी अटी घालून मोकळीक दिली. तो निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. परंतु पैज लावू नये, नमाज आणि कर्तव्य चुकू नये, तोंडी वाईट शब्द येऊ नये, याबद्दल कोणाचेही दुमत नाही. गंमत अशी की ॲप निवडण्यासाठी मला नेमक्या याच तीन कसोट्या उपयोगी पडल्या.

या खेळाशी आपले नाते जुने आहे, हेही मुलांना सांगितले पाहिजे. हिंदुस्थानातला चतुरंग इराणात गेला, तिथून अरबांकडे जाऊन ‘शतरंज’ झाला आणि अरबांच्या मार्फत युरोपात पोहोचला. दहाव्या शतकात बगदादच्या खलिफांच्या दरबारातील अस-सूली हा त्या काळचा नामांकित खेळाडू होता. आपण मराठीत वजीर म्हणतो, प्यादे म्हणतो, शह देतो आणि मात करतो. हे सारे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीत असे मुरले की राजकारणाची बातमीसुद्धा शह-काटशहावाचून लिहिता येत नाही.

खेळाडूंची नावे घ्यायची तर पंजाबातील मीर सुलतान खान यांचे घ्यावे लागेल. सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला हा मनुष्य हिंदी पद्धतीचा डाव शिकलेला होता, परदेशी नियम त्याने मागाहून आत्मसात केले. तरी १९२९, १९३२ आणि १९३३ असे तीनदा त्याने ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले आणि हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेता कापाब्लांका याला हरविले. जागतिक संघटनेने त्यांना ग्रँडमास्टर हा मानाचा किताब दिला तो २०२४ साली, मृत्यूनंतर सुमारे अठ्ठावन्न वर्षांनी. मुलींच्या पालकांनी दुसरे नाव ध्यानात ठेवावे. त्याच हवेलीतील फातिमा या तरुणीने १९३३ साली ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकले. भोपाळचे रफिक खान सुतारकाम करीत; १९८० साली माल्टा येथील ऑलिंपियाडमध्ये त्यांनी वैयक्तिक रौप्यपदक मिळविले. आणि आपल्या महाराष्ट्रात नागपूरची दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. सुतारापासून विद्यार्थिनीपर्यंत, या खेळाने कोणाची जात, धंदा वा घर विचारलेले नाही.

तेव्हा खेळ चांगला आहे. प्रश्न ॲपचा आहे. आता कसोट्या सांगतो.

पहिली कसोटी पैशाची. दुकानातून ॲप उतरविण्यापूर्वी नावाखाली बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते वाचा. ‘कंटेन्स ॲड्स’ म्हणजे जाहिराती येणार. ‘इन-ॲप पर्चेसेस’ म्हणजे आत काहीतरी विकत घ्यावयास सांगणार. विकत घेणे नेहमीच वाईट नसते. कोणी धडे विकतो, ते समजण्यासारखे आहे. परंतु जिथे डाव मांडण्यासाठी नाणी लागतात आणि हरले की ती जातात, तिथे मुलाला बुद्धिबळाच्या आधी पैज लावण्याची सवय लागते. असे ॲप काढून टाका. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली, मग तो खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. कायद्याने पैजेचा दरवाजा बंद केला. परंतु खोटी नाणी विकणारी खिडकी उघडीच राहते. तिथे पहारा आपणच द्यायचा आहे. आणि पैशाचा पिन मुलाला सांगू नका, तो कितीही हुशार असला तरी.

दुसरी कसोटी माणसांची. ॲपमध्ये समोर खेळणारा कोण आहे हे आपल्याला कळत नाही. डाव चालू असता तो संदेश पाठवू शकतो, आणि हरलेला मनुष्य काय लिहील याचा नेम नाही. म्हणून गप्पांची सोय बंद करता येते का ते पाहा. तसेच ॲप कोणत्या परवानग्या मागते ते पाहा. बुद्धिबळ खेळण्यासाठी तुमच्या फोनमधील नंबरांची यादी आणि तुमचा ठावठिकाणा कशाला हवा?

तिसरी कसोटी आपल्या परिस्थितीची. आपल्याकडे पुष्कळ घरांत मोबाईल एकच असतो. तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री घरी येतो. नेट संपलेले असते. म्हणून नेट नसतानाही संगणकाशी खेळता येईल, जुन्या फोनवर चालेल, असे ॲप हवे.

या कसोट्यांवर मी जे वापरून पाहिले ते सांगतो. माझा कोणाशी देण्याघेण्याचा संबंध नाही.

‘लीचेस’ हे मला आपल्या मुलांसाठी सर्वांत सोयीचे वाटले. एका फ्रेंच तरुणाने २०१० साली ते सुरू केले. ते देणग्यांवर चालते, नफ्यासाठी नाही. जाहिरात नाही, नाणी नाहीत, कोणताही भाग पैशासाठी अडवून ठेवलेला नाही. कोडी हवी तेवढी सोडवा, खेळलेला डाव पुन्हा तपासा, सर्व फुकट. मुलांसाठी एक खास सोय आहे. ती चालू केली की अनोळखी माणसाचा संदेश येत नाही. नेट नसतानाही संगणकाशी खेळता येते. उणीव सांगायची तर अगदी नवशिक्याचा हात धरून चालवावे, अशी रंगीबेरंगी मांडणी त्यात कमी आहे. पहिल्या महिन्यात शेजारी कोणी मोठे बसलेले बरे.

‘चेस डॉट कॉम’ २००७ पासून आहे आणि जगात सर्वांत जास्त खेळाडू तिथे आहेत. धडे सुरेख आहेत, संगणकाचे निरनिराळ्या ताकदीचे गडी आहेत. परंतु फुकटच्या खात्यात जाहिराती येतात, रोजची कोडी मोजकी मिळतात आणि पुढे वर्गणी मागतात. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावे. त्यांचेच लहान मुलांसाठी ‘चेसकिड’ आहे. त्यात अनोळखी माणसांशी मोकळ्या गप्पा होत नाहीत. ज्यांचे नेट नेहमीच संपलेले असते त्यांच्यासाठी अँड्रॉइडवर ‘ड्रॉइडफिश’ आहे. दिसायला साधे, पण आतला ‘स्टॉकफिश’ हा जगातील अत्यंत बलवान संगणक-खेळाडू आहे.

इथे एक सावधगिरी. १९९७ साली न्यूयॉर्क येथे डीप ब्लू नावाच्या भल्यामोठ्या यंत्राने जगज्जेत्या कास्पारोवला हरविले, तेव्हा जग थक्क झाले. आज आपल्या खिशातला फोन त्याहून चांगला खेळतो. मुलाला त्याच्या पूर्ण ताकदीपुढे बसवाल तर ते रोज हरेल आणि चार दिवसांत खेळ सोडेल. सर्वांत खालच्या पायरीपासून सुरुवात करा, दहांपैकी चार-पाच डाव जिंकू लागले की एक पायरी वर. आणि प्रत्येक चाल यंत्राला विचारण्याची सवय लावू नका. डिसेंबर २०२४ मध्ये अठराव्या वर्षी जगज्जेता झालेल्या गुकेशला त्याचे प्रशिक्षक विष्णु प्रसन्ना यांनी सुरुवातीची कित्येक वर्षे असे यंत्र वापरू दिले नव्हते. आधी डोके, मग यंत्र.

एक पालक मला कौतुकाने म्हणाले, “सर, आमच्या मुलाला पहिल्याच दिवशी पंधराशे गुण मिळाले!” मला त्यांचा हिरमोड करावा लागला. लीचेसवर प्रत्येकाची सुरुवातच पंधराशेपासून होते. दोन ॲपमधील गुणांचीही आपसांत तुलना करू नये. गुणांकडे पाहू नका. मूल हरल्यावर ‘मी कुठे चुकलो’ असे विचारते का, ते पाहा.

वेळेबद्दलही सांगितले पाहिजे. एका मिनिटाचे डाव मुलांना फार आवडतात. त्यात विचार होत नाही, केवळ बोट चालते, आणि ‘अजून एक’ म्हणता म्हणता रात्र जाते. प्रेमचंदांनी १९२४ साली शतरंजच्या खेळाडूंची जी कथा लिहिली, जिच्यावर १९७७ साली सत्यजित राय यांनी चित्रपट काढला, तिच्यात लखनौ हातचे जाते आणि नवाबजादे पटावरून उठत नाहीत. मोबाईलच्या आधीही हे व्यसन होतेच. म्हणून डाव किमान दहा-दहा मिनिटांचा असावा आणि दिवसाला दोनच डाव असावेत.

आता शेवटची गोष्ट, जी मला कोणत्याही ॲपने सांगितली नाही. त्या गवंडीकाम करणाऱ्या पालकांकडे मी पुन्हा गेलो, त्यांच्या समोर ॲप उघडून दाखविले, कुठेही पैसा नाही याची खात्री पटवून दिली. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “इशा के बाद आधा घंटा. सबके सामने बैठके. और दोनों बच्चे.” ‘दोनों’ हा शब्द ऐकून ती मुलगी धावत आत गेली ते आईला सांगायलाच.

हिवाळ्यात शालेय क्रीडा स्पर्धेत, चौदा वर्षांखालील गटात, तो मुलगा तालुक्याला खेळला. दुसऱ्या फेरीत त्याचा डाव जिंकण्यासारखा होता. त्याने वजिराला हात लावला, मनात विचार आला, हात मागे घेतला आणि घोडा उचलला. पंचांनी थांबविले. हात लावलेली सोंगटी चालवावीच लागते, हा नियम. वजीर गेला, डाव गेला. मोबाईलमध्ये बोट ठेवले की कुठे कुठे जाता येते त्याचे ठिपके उमटतात आणि बोट उचलले तरी चालते. लाकडी पटावर ठिपके उमटत नाहीत. परत येताना एस. टी. त तो मला म्हणाला, “सर, मोबाईलनं हे नाही शिकवलं.” मी म्हणालो, “बेटा, मीही नाही शिकवलं.” त्या दिवसापासून आमच्या वर्गात मोबाईलवरचा प्रत्येक डाव पटावर पुन्हा मांडला जातो, चाली वहीत लिहिल्या जातात आणि डाव संपल्यावर हस्तांदोलन होते.

म्हणून पालकांना माझी विनंती अशी की ॲप जरूर घ्या, पण पाहून घ्या, आणि शक्य झाल्यास एक साधा गुंडाळी-पट घरी आणा. तो मोबाईलच्या एक-दोन महिन्यांच्या रिचार्जच्या पैशांत येतो आणि त्याला कधी रिचार्ज करावे लागत नाही. संस्थेला विनंती अशी की पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात शाळेसाठी दहा पट आणि दोन घड्याळे यांची तरतूद व्हावी. विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगतो की चाल करण्यापूर्वी हात मागे ठेवा, डोके पुढे करा. हा नियम पटावरचा आहे, पण मोबाईलमध्ये पैशाच्या पाटीवर बोट ठेवण्यापूर्वीही तोच उपयोगी पडेल.

पाचवीतली ती मुलगी आता सहावीत आहे. ती भावाला दहांपैकी सात डावांत हरविते. यंदा तालुक्याला तिचेही नाव पाठविणार आहे, तिच्या वडिलांची सही माझ्याजवळ आली आहे.