गोपाचलावरील विद्यास्थान



शाळेच्या वास्तूचा विषय निघाला की खोल्या किती, खिडक्या किती, क्रीडांगण केवढे, असे हिशेब प्रथम पुढे येतात. ते हिशेब अनावश्यक आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील सिंदिया स्कूलचा परिसर पाहू गेले असता ते अपुरे पडतात; कारण मुलांच्या या खाजगी निवासी शाळेच्या कित्येक जुन्या इमारती मुळी शाळेसाठी बांधलेल्याच नाहीत.

भोवतालच्या सपाटीतून एकाएकी वर आलेला वालुकाश्माचा हा डोंगर सुमारे १०० मीटर उंच आहे. त्याचे प्राचीन नाव गोपाचल. पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने वर जाणाऱ्या रस्त्याच्या कडेस पंधराव्या शतकात खडकातून कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती उभ्या आहेत. मोटारीचा रस्ता हाच. तेव्हा सुट्टी संपवून परतणारा विद्यार्थी आपल्या ट्रंकेसह या मूर्तींच्या चरणांजवळूनच वर्गाकडे जातो. पूर्वेच्या चढणीवर चतुर्भुजाचे लहानसे देऊळ आहे. तेथील इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवासाठी दिलेल्या २७० हात लांब व १८७ हात रुंद बागेची, तसेच देवास रोज वाहावयाच्या ५० माळांची नोंद आहे. या अंकांतील शून्य हे भारतात कोरलेल्या व निश्चित काळ ठाऊक असलेल्या शून्यांपैकी अत्यंत जुने मानले जाते. देवाच्या फुलबागेचे मोजमाप करताना लिहिलेले शून्य ज्या डोंगरावर आहे, त्याच डोंगरावर मुले गणित शिकतात! असे साधन कोणत्या इमारत-निधीतून उभे राहणार?

१८५८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला व १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात तो शिंदे सरकारांकडे परत आला. गोऱ्या शिपायांच्या दगडी बराकी मात्र मागे राहिल्या. माधवराव महाराजांनी १८९७ मध्ये सरदारांच्या मुलांकरिता काढलेली शाळा १९०८ मध्ये गडावर आणण्यात आली, तेव्हा त्या कामी आल्या. पलटणी जेथे निजत, तेथे विद्यार्थी निजू लागले. बराकीची रचनाच अशी, की खाटा ओळीने मांडाव्यात. तीत एकांत थोडा, सहवास पुष्कळ. वसतिगृहास यांपैकी कोणता गुण अधिक हवा, याविषयी मतभेद संभवतो; पण दुसऱ्याच्या सोयीने वागण्याची सवय अशा दालनात उपदेशावाचून लागते.

वसतिगृहांस राणोजी, जयाप्पा, महादजी अशी शिंदे घराण्यातील पुरुषांची नावे आहेत. धाकट्या मुलांच्या एका वसतिगृहाचे नाव तर ‘कण्हेरखेड’. सातारा जिल्ह्यातील हे गाव म्हणजे शिंद्यांचे मूळ स्थान. दूर प्रांतातून आलेले, मराठी न जाणणारे एखादे मूल या खेड्याचे नाव आपले घर म्हणून सांगते, ही गोष्ट ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींस सुखावह वाटल्यास नवल नाही.

परिसर सुमारे ११० एकरांचा. मैदाने, पोहण्याचा तलाव, हस्तकलेच्या कार्यशाळा, खुले नाट्यगृह हे सारे तेथे आहे, आणि ते अन्य संपन्न शाळांतूनही असते. वेगळे आहे ते सभोवतीचे. एका बाजूस तेली का मंदिराचे उत्तुंग शिखर, जवळच सूरज कुंड. याच कुंडाच्या जळाने ग्वालिपा ऋषींच्या कृपेमुळे राजा सूरजसेनाचा कुष्ठरोग गेला, अशी आख्यायिका आहे. या प्राचीन वास्तूंच्या शेजारामुळे शाळेस मनाला येईल तसे वाढता येत नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांच्या आत नवे बांधकाम २०१० च्या कायद्याने निषिद्ध आहे. व्यवस्थापनास हे बंधन जाचत असेल, पण त्यानेच परिसराचे रूप राखले आहे. वाढण्याची मुभा मिळाली म्हणून बिघडलेल्या शाळा काय थोड्या आहेत?

एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येणार नाही. तटाच्या आत, शहरापासून इतक्या उंचीवर ठेवलेली मुले खालच्या लोकांना ओळखणार कशी? १९३३ मध्ये शाळा सरदारांपुरती न राहता इतरांसाठीही खुली झाली, हे खरे. तथापि शुल्काचा तट दगडी तटाहून सोपा नाही. मुलींचे सिंदिया कन्या विद्यालय १९५६ मध्ये निघाले ते खाली शहरात. त्या शाळेला बाजाराचा गलबला ऐकू येतो, गडावरच्या शाळेला तो मुद्दाम ऐकावा लागतो.

आणि तरीही त्या उंचीचा एक उपयोग असा आहे, की त्यापुढे आक्षेप घेणाराही क्षणभर थांबेल. डोंगराच्या कडेला पश्चिमाभिमुख पायऱ्यांची एक जागा आहे. तिला ‘अस्ताचल’ म्हणतात. छप्पर नाही, भिंत नाही. सूर्य मावळण्याच्या सुमारास सर्व मुले व शिक्षक तेथे येऊन बसतात. प्रसंगी गीत होते, प्रसंगी कोणी चार शब्द सांगतो. बाकीचा वेळ मौन. ते मौन कोणत्याही एका पंथाचे नाही, त्यामुळे निरनिराळ्या धर्मांची मुले शेजारी बसून ते पाळतात. दिवसभर मैदानावर ओरडणारी शेकडो मुले सूर्यबिंब बुडेपर्यंत स्तब्ध राहतात. एवढ्यासाठी खर्च काय आला असेल? थोडा दगड आणि रोजचा थोडा वेळ.

मग मुले उठतात व रांगेने आपापल्या वसतिगृहाकडे वळतात. खाली शहरात तोवर दिवे लागलेले असतात.