घाटातील मोटार आणि तेलाचा ताप

धारहून दक्षिणेकडे निघाले की मांडूपाशी माळव्याचे पठार एकाएकी संपते आणि विंध्याचा कडा उतरून निमाडचा सखल प्रदेश लागतो. पूर्वीच्या काळी घाट चढताना गाडीवान मध्येच गाडी थांबवी, चाकामागे दगड लावी आणि बैलांना दम घेऊ देई. आता अशाच कच्च्या चढांवर चारही चाके ओढणाऱ्या मोटारी हौसेने नेल्या जातात. बैलाला लागलेली धाप दिसते. यंत्राची दिसत नाही. ती दिसू लागते तेव्हा बहुधा नुकसान होऊन गेलेले असते.

या मोटारींशी धार जिल्ह्याचा संबंध जुना आहे. फोर्स मोटर्सची ‘गुरखा’ ही डोंगराळ वाटांची गाडी याच जिल्ह्यातील पिथमपूरला तयार होते. तेथेच ‘नॅट्रॅक्स’ हे वाहनांच्या चाचणीचे विस्तीर्ण केंद्र असून, तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगवान धावमार्गाचे उद्घाटन जून २०२१ मध्ये प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते झाले. वेगाबरोबर चढाची आणि खडबडीत वाटेचीही परीक्षा घेण्याची सोय तेथे आहे. कारण मोटारीचा कस केवळ वेगात लागत नाही; अत्यंत मंद गतीने चढ चढतानाही तो लागतो.

२०२४ साली नव्या रूपात आलेल्या ‘गुरखा’चे गिअर हाताने बदलावे लागतात. तिच्यात गिअरबॉक्सच्या तेलाचा हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. फार तर क्लच जपावा लागतो. याउलट २०२० सालापासून महिंद्राची ‘थार’ आपोआप गिअर बदलणाऱ्या रचनेतही मिळू लागली. अशा गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याचे मूळ तत्त्व हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी शोधून काढले. समोरासमोर ठेवलेली दोन पात्यांची चाके आणि मध्ये तेल, अशी त्याची ढोबळ रचना. इंजिनाकडचे चाक तेलाला फेकते आणि ते तेल दुसऱ्या चाकाला ढकलते.

सपाट रस्त्यावर वेग आला की ही दोन्ही चाके एकमेकांशी जखडली जातात आणि तेल फारसे घुसळले जात नाही. चढावर मात्र इंजिन जोराने फिरते आणि गाडी जेमतेम सरकते. या दोहोंतील फरकाची शक्ती तेलातच उष्णता होऊन राहते. त्यातच गती मंद असल्यामुळे समोरून वाराही मिळत नाही. नेहमीच्या वापरात हे तेल साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. त्यापुढे, रसायनशास्त्रातील ढोबळ नियमानुसार, दर १० अंशांना तेल बिघडण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. तेल काळवंडते, त्याला करपट वास येतो, रबरी सीले कडक होतात आणि आतील क्लच घसरू लागतात. घसरण्याने पुन्हा उष्णता वाढते.

यावर उपाय म्हणजे तेलासाठी एक जादा कूलर बसवणे. पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल रेडिएटरमधील पाण्याने थंड होते. तेथून परतणाऱ्या तेलाच्या मार्गात हा दुसरा कूलर जोडावा, म्हणजे आधी पाण्याने निवलेले तेल वाऱ्याने आणखी निवते. परतीची नळी कोणती, हे अंदाजाने न ठरवता गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेवरून निश्चित करावे. कूलर रेडिएटरच्या पुढे, वारा लागेल पण दगड लागणार नाही अशा जागी, पोलादी पट्ट्यांवर रबरी बैठक देऊन घट्ट बसवावा. प्लास्टिकच्या पट्ट्या जाळीतून आरपार ओवून तो लटकवण्याची रीत सोपी असली तरी घातक आहे. धक्क्यांनी जाळी घासून तेल गळू लागते. नळ्यांची तोंडे वर किंवा बाजूला असावीत, म्हणजे आत हवा अडकत नाही. नळी तापलेल्या तेलासाठीच बनवलेली हवी. पाण्याची साधी नळी तेथे चालत नाही. एग्झॉस्टपासून ती दूर न्यावी.

माळव्यात आणखी एक पथ्य आहे. येथील काळी माती पावसाळ्यात जाळीत गच्च बसते आणि वाळली की वाऱ्याची वाट बंद करते. म्हणून चिखलातून आल्यावर जाळी हलक्या धारेने धुवावी. पुढे जागाच नसेल तर कूलर अन्यत्र बसवून त्याला स्वतंत्र विजेचा पंखा द्यावा. काम झाल्यावर इंजिन चालू करून सर्व गिअर क्रमाने टाकावेत, सांधे पाहावेत आणि तेलाची पातळी पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानाला तपासून कमी पडलेले तेल भरावे. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर उत्पादकाला आधी विचारणे शहाणपणाचे.

तथापि प्रत्येक गाडीला या कूलरची गरज नसते. केवळ डांबरी रस्त्याने फिरणाऱ्याला कारखान्यातील व्यवस्था पुरते. आणि ज्याचे क्लच आधीच झिजले आहेत, त्या गिअरबॉक्सला कूलर वाचवू शकत नाही. तेथे आधी दुरुस्तीच हवी.

कूलर असो वा नसो, चढाला लागण्यापूर्वीच ट्रान्सफर केसचा हलका गिअर टाकावा. त्याने कन्व्हर्टरवरील ताण आणि तेलाचा ताप दोन्ही घटतात. तेल तापल्याची खूण दिसताच सपाट जागा पाहून थांबावे, हातब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. पण इंजिन बंद करू नये. ते चालू राहिले तरच पंप तेल फिरवतो आणि कूलर त्याला निववतो. गाडीवान बैलांना उभे करी तो वेळ वाया जात नसे. मोटारीलाही घाटात तेवढी उसंत द्यावी.